पहिल्या उखळीचा मान

आमच्या गावच्या जत्रेत भैरोबाची पालखी देवळाबाहेर निघायची तर आधी उखळीचा बार व्हावा लागतो, आणि पहिल्या उखळीला बत्ती लागते ती आमच्या चुलीतल्या विस्तवानं. हा मान आमच्या घराचा आहे. पाटलाचा नाही, गुरवाचा नाही. माझ्या सासऱ्यांच्या आज्यापासून चालत आलेला. हे आधीच सांगून ठेवते, कारण यंदाच्या जत्रेनंतर केशरबाईनं देव अडवला एवढंच लोकांनी लक्षात ठेवलंय. देव कुणी अडवला आणि माणूस कुणी अडवला, ते ऐकून मग काय बोलायचं ते बोला.

उखळी म्हणजे लोखंडाचं जाड बुडाचं भांडं. त्यात दारू ठासायची, वरून विटेचा चुरा ठोकून बसवायचा आणि बुडाजवळच्या भोकाला लांब काठीच्या टोकाचा पेटता काकडा लावायचा. आवाज असा होतो की डोंगरापलीकडची गुरं दावी तोडतात. दारू ठासायचं काम नूरुद्दीनभाईंच्या घराकडं, तेही पिढ्यान्‌पिढ्या. देवाच्या कामाला दारू त्यांची आणि विस्तव आमचा. त्यात तिसऱ्याचा हात नाही.

माझा श्रीमंत मराठा पलटणीत गेला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. माझे मालक त्याच्या आधीच वारलेले. घरात मी, माझे धाकटे दीर कारभारी भाऊजी आणि चार बैल. पलटणीनं त्याला पार इटली नावाच्या मुलखात नेला. नूरुद्दीनभाईंचा अलीम खेचरांच्या तुकडीबरोबर ब्रह्मदेशात गेला. मधे श्रीमंत रजेवर आला तेव्हा त्याचं लग्न उरकलं. राहुरीकडची मुलगी, पुष्पावती. बाप आप्पासाहेब, मोटेचं पाणी असलेला बागायतदार, आणि त्या पाण्याचा ताठा मानेत. लढाई संपल्यावर दोन्ही पोरं हातीपायी धड परत आली. धड आली असं आम्हाला वाटलं.

आता पाटलाची अक्कल ऐका.

पाटलाला सरकारदरबारी चमकायचं होतं. नगरच्या कुठल्याशा कचेरीत शिपायांचं भलं बघायचं एक खातं निघालं होतं. त्या खात्याच्या साहेबाला त्यानं गावात बोलावलं. शाळेपुढं मांडव घातला, पताका लावल्या. लढाईवरून आलेल्यांचा सत्कार. मला वाटलं, बरं केलं. श्रीमंत कडक इस्त्रीच्या कपड्यात उभा राहिला, छातीवर बिल्ले, आणि मी बायकांच्यात पुढं बसले. का नाही बसायचं? मीच पाठवला होता ना तो.

साहेबानं हार उचलला आणि शाळेच्या भिंतीमागं उखळी उडाली. पाटलानं आपल्या गड्याला आगपेटी देऊन आधीच बसवला होता. लढाईवरून आलेल्या पोरांचा मान तोफेनं करायचा, ही त्याची कल्पना. मला विचारलं नाही, नूरुद्दीनभाईंना सांगितलं नाही, उरलीसुरली दारू कुठूनशी पैदा केली. नंतर म्हणतो, हे सरकारी काम हुतं, देवाचं नव्हं, यात तुमचा मान कशाला येतोय.

बार झाला तसा श्रीमंतनं शेजारी उभ्या पाटलाच्या कमरेला मिठी घातली, त्याला भुईवर आडवा केला आणि स्वतः त्याच्यावर पालथा पडला. दोन्ही हातांनी पाटलाचं डोकं झाकून धरलं. पाटलाचा फेटा सुटून धुळीत लोळला. अलीम तर मांडवाची दोरी तोडून ओढ्याकडं पळाला आणि बाभळीच्या जाळीत शिरला.

माणसं हसली. सगळा मांडव हसला. पोटं धरून.

मी तिथंच बसले होते म्हणून सांगते. माझ्या पोरानं स्वतःचं अंग पाटलावर घातलं होतं. काय येईल ते आपल्या पाठीवर यावं आणि खालचा माणूस वाचावा म्हणून. हे त्या मांडवात एकालाही दिसलं नाही. पाटील उठला, धोतर झाडलं, आणि साहेबाला म्हणाला, डोक्यावर परिनाम झालाय वाटतं. साहेबानं मान हलवली आणि हार टेबलावर ठेवून दिला.

श्रीमंत पलटणीत नाईक होता. दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव 'भुईचाट नाईक' पडलं. पारावर बसणारे, ज्यांनी उभ्या जन्मात नगरच्या वेशीपलीकडं पाऊल टाकलं नाही, ते त्याच्यामागं पत्र्याचा डबा आपटून बघायचे, पडतो का म्हणून. आणि पडायचा तो. पडून उठायचा, कपडे झाडायचा, आणि काही न बोलता चालू लागायचा. मला वाटायचं त्यानं एकाच्या तरी कानाखाली वाजवावी. पण नाही.

घरात झोपेना. छपराखाली जीव कोंडतो म्हणायचा. मळ्यात खळ्याच्या कडेला त्यानं कमरेएवढा चर खणला आणि त्यात घोंगडं टाकून निजू लागला. एकदा सुनेच्या हातून परात पडली. यानं तिला धरून चुलीमागं पाडली, तिचं कोपर सोललं. ती रडली नाही, पण ही गोष्ट राहुरीला पोचली. कशी पोचली ते मला ठाऊक आहे, कारण आमच्या गावात पारावरचं बोलणं टपालाच्या आधी पोचतं. आप्पासाहेबांनी निरोप धाडला: जत्रेला येतो. चार गावच्या लोकांपुढं जावई पुन्हा भुईवर पडला, तर मुलगी माझ्याबरोबर येईल आणि काडीमोड होईल.

पुष्पावती निरोप ऐकत जात्याजवळ बसली होती. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. तिच्या मनात काय आहे ते मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि ती 'जाते' म्हणाली असती, तर मी काय करणार होते?

मी नूरुद्दीनभाईंच्या छकड्यात बसून नगरला गेले. साहेबाच्या कचेरीत. भिंगारच्या छावणीवरून जाताना कवायतीचे हुकूम ऐकू आले तेव्हा नूरुद्दीनभाई म्हणाले, इथनंच नेलं आपल्या पोरांना, इथंच विचारू. साहेब वाईट बोलला नाही. पण त्यानं पहिलं विचारलं, जखम कुठं आहे. मी म्हटलं, जखम असती तर तुमच्याकडं कशाला आले असते, हळद लावली असती. तो म्हणाला, जखम असली तर इस्पितळ आहे, हातपाय गेला असला तर पेन्शन आहे, मेला असला तर बायकोला शिवणाचं यंत्र आहे. धडधाकट माणसासाठी कोंबड्या पाळायची योजना आहे. शिवाय पोराला दूध द्या आणि त्याच्यापुढं लढाईचं नाव काढू नका. कोंबड्यांचा एक छापील कागद त्यानं माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "सायेब, लढाईला नेताना तुमी माझा अख्खा पोरगा नेला. परत करताना आत काय भरलंय ते बगायला नको का?" त्यावर त्यानं रांगेतल्या पुढच्या माणसाला आत बोलावलं.

येताना वाटेत मी तो कागद बैलापुढं धरला. त्यानंही हुंगून सोडून दिला.

त्यानंतर जे झालं ते मी काही ठरवून केलं नाही. अलीम संध्याकाळचा मळ्यात येऊन श्रीमंतच्या चराच्या काठावर बसू लागला. त्याचा बापही कंटाळला होता. दारूवाल्याचा मुलगा आणि दारू चाळायला बसला की हात असे थरथरायचे की नूरुद्दीनभाईंनीच त्याला त्या खोलीत यायची मनाई केली. आधी दोघं नुसते बसायचे, एकमेकांकडं न बघता, बिडी ओढत. मी भाकरी नेऊन ठेवायची. मग एक दिवस हसण्याचा आवाज आला. जाऊन बघते तर अलीम एका खेचराची गोष्ट सांगत होता, जे नदीत उतरायला तयार नव्हतं आणि गोऱ्या कप्तानाची टोपी खाऊन गेलं. श्रीमंत हसता हसता डोळे पुसत होता. साहेब म्हणतो लढाईचं नाव काढू नका. ती पोरं लढाईशिवाय दुसरं काही बोलतच नव्हती, आणि तेवढा वेळ त्यांचे हात थांबायचे.

मग बाजारच्या दिवशी आसपासच्या वस्त्यांवरचे लढाईवरून आलेले एकेक करून खळ्यावर येऊ लागले. कुणी कुणाला बोलावलं नाही. बैल पाजायच्या निमित्तानं थांबायचे. एकजण वर्षभर बायकोशी शब्द बोलला नव्हता, तो तिथं बोलायचा. त्याची बायको लंकाबाई, तोंडाची तिखट, ती बघायला आली की हा दादला तिथं कुणापुढं एवढा वाजतोय. कुंपणाशी उभी राहून तिनं त्याचा आवाज ऐकला आणि पदर तोंडात धरला. मग तीही येऊ लागली. तिच्यामागून दुसऱ्या. आम्ही बायका ओट्यावर, गडी खळ्यावर. बायकांच्या तोंडी एकच: तुझा बी असंच करतो का? तुझा बी रात्री उठून दाराशी बसतो का? आपल्याच घरात भूत शिरलंय असं जिला वाटत होतं, तिला कळलं की सगळ्यांच्याच घरी तेच आहे. नूरुद्दीनभाईंची बायको सरवरीभाभी चहा टाकायच्या, कारण माझ्या चहाला लंकाबाई म्हशीचं पाणी म्हणायची. पुष्पावती तिथंच बसायची, मटकी निवडत, मान खाली. ऐकत होती एवढं खरं.

मला वाटलं, वर्षभर असंच गेलं तर पोरं मार्गाला लागतील. पण चैत्र आला.

जत्रेच्या आधी पाटील पंचांना घेऊन घरी आला. पहिल्यांदा गूळपाणी झालं. मग मी माझं म्हणणं मांडलं. म्हटलं, यंदा बार नको. नाहीतर उखळ्या डोंगराच्या पल्याड नेऊन उडवा. आणि तेही नको असेल तर निदान कधी उडवणार ते पोरांना आधी सांगा, हातात हात धरून बसवते त्यांना. पाटील हसला. म्हणाला, त्याचा इचार आमी केलाय. बत्ती कारभारी लावंल. श्रीमंतला आणि त्या दारूवाल्याच्या पोराला त्या दिवशी कोंडून ठेवा. कडी बाहेरून घाला. आरडाओरडा केला तर बांधायला दोन गडी देतो.

मी विचारलं, "माझ्या घरचा मान चालनार आनि त्या मानाचा धनी कोंडलेला?"

"चार खुळ्यांपायी देवाचं अडवायचं व्हय, वयनी?" पाटील म्हणाला. "देवाचा बार हाय तो. बाराबिगर पालखी हलत न्हाई, हे तुमीच सांगत आलाय जन्मभर."

सांगत आलेच होते. माझंच बोलणं माझ्या पदरात टाकून पाटील पायऱ्या उतरला. कारभारी भाऊजी माझ्याकडं बघत राहिले. त्यांना काकडा धरायची हौस होती, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मी त्यांना म्हटलं, काकडा बांधून ठेवा, वेळ आली की विस्तव मी देईन.

जत्रेच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं. आप्पासाहेब सकाळीच आले, रेशमी फेटा बांधून, आणि लोडाला टेकून असे बसले की जणू पोरगी परत न्यायला गाडी जुंपूनच ठेवलीय. पुरण शिजत आलं होतं. देवळाकडून हलगीचा आवाज आला आणि पाटलाचे गडी, कारभारी भाऊजी आणि गुरव विस्तव न्यायला दारात उभे राहिले. पाटील आणि नूरुद्दीनभाई मागं.

मी रांजणातून घागर भरली आणि चुलीत ओतली.

वाफेनं सैपाकघर भरलं. राख भाताच्या पातेल्यावर उडाली. पुरणाच्या हंड्यावरचं झाकण थडथडायचं थांबलं. जत्रेच्या दिवशी, घरात व्याही बसलेला असताना, नैवेद्य व्हायच्या आधी मी घरची चूल विझवली. असलं कुठल्या बाईनं केल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण मी घागर खाली ठेवली आणि दारात आले.

"विस्तव न्हाई," मी म्हटलं. "आज आमच्या घरात विस्तव न्हाई. मान माझा, तो मी सोडत न्हाई. कुनाला देत बी न्हाई. पन यंदा माझ्या घरचा बार हाच."

गुरव 'भैरोबा, भैरोबा' करू लागला. पाटलाचं तोंड काळंठिक्कर पडलं. तो म्हणाला, देव कोपेल, पाऊस पडणार नाही, गावात पटकी येईल. मी म्हटलं, देवाला बार ऐकू येतो तर आमच्या मळ्यात रात्री काय चालतं तेही ऐकू येत असेल. कोपायचंच असतं तर तो शाळेच्या मांडवातच कोपला असता. आणि एवढी घाई असेल तर त्या दिवशीसारखी आगपेटी काढा की. खिशात असेलच.

त्यानं खरोखर काढली. पण काडी कोण लावणार? गुरव मागं सरला. गडी एकमेकांकडं बघू लागले. देवाच्या उखळीला परकी आग लावून नंतर घरात काही बरंवाईट झालं तर? पाटलानं नूरुद्दीनभाईंकडं बघितलं. ते पांढरी टोपी सारखी करत शांतपणे म्हणाले, "आमची दारू देवाच्या कामाला केशरआक्काच्या इस्तवाबिगर दुसऱ्या आगीनं पेटलेली न्हाई. आमच्या बापजाद्यांनी केलं न्हाई, मी करनार न्हाई."

पाटलानं आगपेटी परत खिशात घातली. स्वतः काही त्यानं काडी ओढली नाही, हे सगळ्यांनी बघितलं.

आम्ही देवळापुढं गेलो तेव्हा पालखी मंडपात तशीच उभी होती. पालखीचे भोई हात बांधून बाजूला. बाराबिगर खांदा द्यायला ते तयार नव्हते, आणि त्यांना मी बोल लावत नाही, त्यांची रीत ती. चार गावची माणसं उन्हात तिष्ठत होती. कुजबुज वाढली. माझ्या नावानं बोटं मोडणाऱ्या बायका मी डोळ्यांनी बघितल्या. एकीचं बाळंतपण मी केलेलं होतं.

श्रीमंत गर्दीच्या कडेला उभा होता. कोंडलेला नव्हता. शेजारी अलीम, लंकाबाईचा नवरा, आणि खळ्यावर येणारे बाकीचे. कपाळावर घामाचे थेंब, डोळे रांगेनं मांडलेल्या उखळ्यांवर. कुणीतरी 'भुईचाट' म्हणालं. मी तिकडं वळणार तेवढ्यात तो चालू लागला.

तो मंडपात गेला, वहाणा काढल्या आणि पालखीच्या पुढच्या दांडीला खांदा लावला. त्याच्यामागून लंकाबाईचा नवरा गेला. मग बाकीचे. अलीमनं गुरवाकडं बघितलं, गुरवानं मान फिरवली, तसा त्यानं पालखीपुढचा निशाणाचा बांबू उचलला. पाटील नेमका पायरीवर आडवा उभा होता.

"पाटील, सरका," श्रीमंत म्हणाला. "मागच्या वक्ताला धक्का लागला हुता तुमाला."

पहिल्यांदा कुणीच हसलं नाही. मग लंकाबाई हसली, मग बायका, मग सगळी. पाटील सरकला. हलगीवाला तोंड उघडं टाकून बघत राहिला होता, त्याला लंकाबाई म्हणाली, "वाजीव की मेल्या, देवाला पेंग आली." हलगी वाजली. मी श्रीमंतकडं बघत होते. पहिल्या थापेला त्याचा खांदा दचकला. हलगीवाल्याचे हात त्याला समोर दिसत होते, दुसऱ्या थापेला तो दचकला नाही. पालखी पायऱ्या उतरली. बाराबिगर. आभाळ जिथं होतं तिथंच राहिलं.

घरी आले तर आप्पासाहेब लोडावरच. पालखी त्यांनी वेशीत जाऊन बघितली होती, हे त्यांच्या वहाणांवरच्या धुळीवरून दिसत होतं. पण माणूस पडला नाही म्हणून त्यांची पंचाईत झाली होती. उपाशी पोटी राग सांभाळत बसले होते.

"इहीनबाई," ते म्हणाले, "आज न्हाई पडला. उद्या पडंल."

"पडंल की," मी म्हटलं. "लई दिस पडंल. उटवायला मानसं हाईत हितं. तुमच्या राहुरीला हाईत का?"

ते पुष्पावतीकडं वळले. म्हणाले, गाडी जुंपायला सांगतो, गाठोडं बांध, या घरात पोरीला भाकर मिळायचीही खात्री नाही, सणाच्या दिवशी चूल विझवतात. जे मी इतके महिने विचारलं नव्हतं, ते आता तिच्या बापानं विचारलं होतं.

ती उठली. कोपऱ्यातली फुटक्या मडक्याची खापरी घेतली, त्यात एक गोवरी ठेवली आणि पदर डोक्यावरून घेऊन मागच्या दारानं निघाली. आप्पासाहेबांनी विचारलं, कुठं चाललीस.

"सरवरीचाचीकडं," ती म्हणाली. "इस्तव आनते. तुमी उपाशी हाय ना, आबा."

आप्पासाहेब काहीतरी पुटपुटले, त्या घरचा विस्तव म्हणून. मी म्हटलं, विस्तवाला विटाळ नसतो, इवाई, हे तुमच्या बागायतीत शिकवलं नाही का कुणी.

ती आली. ओली राख उपसली, कोरडं सरपण लावलं आणि वाकून फुंकर घालत बसली. धुरानं डोळे भरले तरी उठली नाही. पुरण पुन्हा गरम झालं तोवर दिवस कलला होता. आप्पासाहेब जेवले, चार पोळ्या चेपल्या, आणि रिकामी गाडी घेऊन राहुरीला गेले. त्या रात्री तिनं दुसरं घोंगडं उचललं आणि मळ्यात चराकडं निघाली. जाताना मला म्हणाली, "आत्याबाई, दार लावून घ्या."

आता पाटील पारावर म्हणतो की पुढच्या वर्षी पंच बसवून हा मान दुसऱ्या घराला देऊ. बसव म्हणावं. साहेबालाही बोलाव. कोंबड्यांच्या योजनेचा कागद घेऊन तो येईल, आणि मी त्याला खळ्यावर बसवून सरवरीभाभींचा चहा पाजीन. पोरं काय बोलतात ते कान उघडे ठेवून ऐकायला सांगीन, जमलं तर. आणि पुढच्या चैत्रात विस्तव हवा असेल, तर माझ्या दारात येऊन आधी श्रीमंतला विचारायचं, देऊ का म्हणून. तो हो म्हणाला तर देईन. नाही म्हणाला, तर रांजण भरलेला आहे.